कॉलरचे अकरा टेक

गल्लीत त्यांना डायरेक्टर म्हणत, आणि तेही तोंडावर. एकतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेल्या माणसाला हे नाव चेष्टेनेच पडलं होतं, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. बायको घरी शिवणाचे क्लास घ्यायची, तिला सगळे बाई म्हणत. बाईंच्या हाताला अशी सफाई, की कापडावर खडू न टेकवता सरळ कात्री चालवायच्या. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या लेकीने आपला जुना फोन वडिलांना दिला आणि ह्यांनी बाईंच्या शिवणाचे व्हिडिओ काढायला घेतले.

खोटं कशाला बोला, माणसाला नजर होती. सकाळी नऊ ते साडेदहा खिडकीतून तिरपं ऊन यायचं, तेवढ्यातच शूटिंग. समोरच्या दोरीवर पांढरी चादर टांगायची, म्हणजे चेहऱ्याची सावलीतली बाजू उजळते. फोकस बोटाने दाबून पक्का करायचा. चालता शॉट हवा असला की फोन दोन्ही हातांनी छातीशी धरून, गुडघे वाकवून, श्वास रोखून पुढे सरकायचं. "मांजर निघालं दुधाकडे," असं म्हणून बाई हसायच्या आणि शॉट वाया जायचा. दुपारी ते त्याच फोनवर कापाकापी करत बसत. सुई कापडात शिरते त्याच क्षणी मशीनचा आवाज सुरू व्हायला हवा, एवढ्यासाठी चहा गार व्हायचा. वर्षभरात बघणारे हजारोंनी वाढले.

पण राग नाकावर. मीटर वाचताना जो कधी कुणाला उलट शब्द बोलला नाही, तो माणूस फोन हातात आला की घरच्या माणसावर खेकसायला लागला. "लक्ष कुठे असतं तुझं? पुन्हा!" दिवसातून दहादा.

शर्टाच्या कॉलरचा व्हिडिओ होता तेव्हाची गोष्ट. बाई बोलता बोलता थांबल्या. "आता ही... ही गोल... ती भरून घ्यायची." मशीनच्या पोटात बसते ती दोऱ्याची बॉबिन, हा शब्द काही केल्या येईना. चाळीस वर्षं रोज हातात घेतलेली वस्तू. डायरेक्टर ओरडले, बाईंनी पुन्हा सुरुवात केली आणि कॉलर उलटी लावली. असे अकरा टेक झाले. ऊन सरकलं, चादरीचा उपयोग संपला, आणि ह्यांचा पारा चढला तो चढलाच.

दुपारी त्यांना युक्ती सुचली. अडखळलेल्या जागी नुसत्या हातांचा जवळून घेतलेला शॉट टाकायचा आणि वरून बाईंचा आवाज जुन्या व्हिडिओतला चिकटवायचा. बेमालूम जमलं. कुणाला म्हणून पत्ता लागला नाही. खाली लोकांनी लिहिलं, बाई, किती सहज शिकवता! डायरेक्टर दोन दिवस हवेत होते. वाईट टेक त्यांनी पुसून टाकले, कारण फोन सारखा भरायचा.

मग ती वहिवाटच पडली. दर व्हिडिओत दोन-चार ठिकाणी जुना आवाज, पुढेपुढे तर अर्ध्याहून जास्त. बाई कामाला बसायच्या आधी कापडाखाली टाचणीने चिठ्ठ्या लावून ठेवू लागल्या: आधी उलटी बाजू, मग टीप, मग कात्री. एकदा त्यातली एक कोपऱ्यात दिसली. "फ्रेम नासवलीस!" म्हणून ह्यांनी ती फाडली. ती का लिहिली, हे विचारायला ह्यांना फुरसत कुठे होती?

लेकीला एकदा फोनवर म्हणाले, "तुझ्या आईचं हल्ली कामात लक्ष नसतं गं."

"काहीतरीच बाबा! परवाचाच व्हिडिओ बघितला, आई एकदम फर्स्ट क्लास आहे."

ह्यावर काळजी वाटायला हवी होती, पण ह्यांना वाटला अभिमान. पोटच्या पोरीलासुद्धा जोड कळला नाही!

असं दीड वर्ष गेलं. एका सकाळी बाई दोन गल्ल्या सोडून बटणं आणायला गेल्या आणि परतल्याच नाहीत. तासाभराने दुकानदारच त्यांना हाताला धरून घेऊन आला. घर कुठलं, हे बाईंना सांगता येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

"दोनेक महिने झाले असतील."

"ह्या बोलतानाचं काही काढलेलं आहे का?"

डायरेक्टरांनी लगबगीने आठवड्यापूर्वीचा व्हिडिओ लावला. डॉक्टरीणबाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला. "इथे तर सगळं स्पष्ट बोलताहेत."

"आवाज दोन वर्षांपूर्वीचा आहे," ते हळूच म्हणाले. "मी बसवलाय."

"मग न कापलेलं दाखवा."

"ते मी ठेवत नाही."

"पहिल्यांदा आवाज कधी बदलावा लागला?"

ही तारीख त्यांना तोंडपाठ होती, इतकं ते काम त्यांना आवडलं होतं. ती ऐकून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तेव्हाच आणलं असतंत तर बरंच थोपवता आलं असतं. आता बघू."

घरी आल्यावर बाई पलंगाच्या कडेला बसल्या. आज त्यांना शब्द सापडत होते.

"एक सांगू? रागवू नका. मला कॉलरच्या वेळेलाच कळलं होतं. फार घाबरले होते हो. म्हटलं, आता सगळ्यांसमोर शोभा होणार. पण तुम्ही माझी चूक कुठे दिसूच दिली नाहीत. तेव्हा समजले, ह्यांना कळलंय. वरवर ओरडतात, पण झाकली मूठ ठेवतात. एवढं कोण करतं कुणासाठी?"

डायरेक्टरांची मान वर होईना. दीड वर्षात त्यांनी बाईंकडे पाहिलं ते फक्त फोनमधून, आणि तेही शॉट बरा आला का, एवढंच बघायला.

"तुम्हाला कळलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."