पासष्ट किलोंचे नाना

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या खिशात एक पोस्टकार्ड होतं. त्यावर मोजक्याच ओळी होत्या : "नानाची शेवटची मॅच रविवारी सोनगीरला आहे. त्याचा गुडघा आता ऐकत नाही. पाहायचं असेल तर या." खाली सही, भिका.

हे दोघे कोण, ते आधी सांगतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील कोकणात चिऱ्याच्या खाणीवर कामाला. वसतिगृहात राहून शिकत असताना एकदा मैदानाच्या भिंतीवर बसून मी नानांची कबड्डी पाहिली होती. नाना धुळ्याच्या एका कापड गिरणीच्या संघाकडून चढाईला जायचे. भिकाभाऊ जळगावच्या संघातले. ते कोपऱ्यात वाकून उभे राहायचे आणि परत निघालेल्या माणसाचा घोटा धरायचे. पंधरा वर्षं दोघे एकमेकांसमोर खेळले. एकदा भिकाभाऊंच्या पकडीत नानांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. मग गिरणी बंद पडली, जळगावचा संघही मोडला. साक्रीकडच्या एका डोंगरातल्या गावात पोरांनी नवा संघ काढला होता. त्यांच्याकडे दम होता, शिकवायला कोणी नव्हतं. वयाची चाळिशी ओलांडलेले हे दोघे त्या पोरांच्या संघात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूने खेळू लागले.

माझ्या शाळेत कबड्डीचा संघ माझ्याकडे दिला, तेव्हा मी धीर करून भिकाभाऊंना पत्र टाकलं होतं. त्याचं हे उत्तर.

भिकाभाऊ नशिराबादला राहतात. दारात उभा राहिलो तर ते बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. बुटके, रुंद, आणि हाताचे पंजे फावड्याएवढे. "मास्तर का? मला वाटलं कोणी पोट सुटलेला म्हातारा असेल," म्हणाले आणि मला चहाबरोबर दोन केळी खायला लावली. नकार ऐकण्याची त्यांच्याकडे पद्धत नाही.

शनिवारी आम्ही एस. टी. ने धुळ्याकडे निघालो. आमच्या कोकणच्या लाल मातीतून गेलेल्या माणसाला ही जमीन पाहतच राहावीशी वाटते. काळीभोर, सपाट, नजर जाईल तिथपर्यंत. कापसाच्या गाड्या गेलेल्या वाटेवर बाभळींना कापूस अडकून राहिला होता. काटेरी झाडांना फुलं आल्यासारखा. धुळ्याच्या स्टँडवर नाना भेटले. उंच, सडपातळ, दाट काळे केस मागे वळवलेले. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंड धरून उठवलं. "सोडा हो. हा गुडघा पाहिलात तर तुम्हालाच माझी कीव येईल."

सोनगीरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गावावर किल्ल्याची टेकडी, खाली हमरस्ता, त्यावर आग्र्याकडे जाणारे ट्रक. साक्रीची पोरं सकाळीच आली होती आणि आमच्याशिवाय आधीच्या फेऱ्या जिंकून अंतिम सामन्यात पोचली होती. बाहेरगावचे संघ गावातल्या घरांनी वाटून घेतले होते. आमच्या वाट्याला एका आक्कांचं घर आलं.

रविवारी सकाळी अंतिम सामन्यासाठी पुन्हा वजनं व्हायची होती. स्पर्धा पासष्ट किलोंच्या गटाची; कोणीही त्यापेक्षा जड चालणार नाही. पण गावात मोठा काटा एकच, अडतीच्या दुकानातला, आणि सकाळी त्यावर धान्याची पोती होती. वजनं दुपारी दोनला ठरली. मधल्या वेळात आक्कांनी आम्हाला जेवायला बसवलं. इथेच घोटाळा झाला.

जेवण वरण-बट्टीचं (बट्टी म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचा उकडून तुपात तळलेला गोळा). आक्का बट्टी कुस्करून त्यावर वरण ओतत आणि मग तूप. तुपाची धार थांबेना. सोबत घोटलेली वांग्याची भाजी. दोन बट्ट्यांत माझं पोट भरलं. तिसरी पानात पडली तेव्हा मी हात आडवा केला.

"एवढुसं काय खाई राहिना भाऊ? (एवढंसंच काय खातोस?) पानमा टाकानं नही हां," (पानात टाकायचं नाही) आक्का दरडावून म्हणाल्या आणि भाजी आणायला आत गेल्या.

मी घाबरून पानाकडे पाहत राहिलो. तेवढ्यात शेजारून नानांचा हात आला. माझी अख्खी बट्टी त्यांनी उचलली आणि तीन घासांत संपवली. आक्का आल्या, माझं पान स्वच्छ पाहिलं आणि खूश झाल्या. मीही खूश झालो. वजनाचा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही.

दुकानाचे शेठ मूळ राजस्थानचे. त्यांनी काट्याची दांडी सरकवली, पुन्हा सरकवली. "नाना, पासष्ट सातशे."

पंच म्हणाले, "चारपर्यंत वेळ देतो. त्यापुढे नाही."

"शेठ, जरा नीट पाहा की," एक पोरगा म्हणाला.

"अरे बेटा, हा काटा माझ्या बापाला पण सोडत नाही."

सातशे ग्रॅममधली ती बट्टी माझी होती. मी नानांना तसं म्हणालो. ते हसले. "मास्तर, पंचवीस वर्षं खेळतोय. जेवून काट्यावर चढू नये हे मला कळायला नको?" मग त्यांनी आक्कांच्या घरून दोन घोंगड्या मागवल्या, अंगाला गुंडाळल्या आणि भर उन्हात किल्ल्याच्या वाटेने पळत सुटले.

भिकाभाऊंचं वजन बरोबर होतं. त्यांना काही गरज नव्हती. पण तेही घोंगडी घेऊन मागे लागले.

"पय रे, मी मांगेच शे," (पळ, मी मागेच आहे) ते ओरडले.

"तू मांगे शे म्हनीसनच पयी राहिनू!" (तू मागे आहेस म्हणूनच पळतोय) नाना वळून न पाहता म्हणाले. पोरं हसून लोळायची बाकी राहिली.

मीही थोडा पळालो. पहिल्याच चढावर दगडावर बसलो. ते दोघे मात्र वर जाऊन खाली आले, पुन्हा वर गेले. गुडघ्यामुळे नाना एका अंगाने झुकत होते. तोंडात पाण्याचा थेंब नाही. चौथ्या फेरीनंतर घोंगड्या पिळल्या तर धार लागली. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. एका सामन्यासाठी, ज्याची बातमीही कुठे येणार नाही, माणूस एवढं करतो.

पावणेचारला नाना लंगोटावर काट्यावर उभे राहिले. दांडी अजून किंचित वरच होती.

"मिशी काढ," भिकाभाऊ म्हणाले.

"मिशीत काय जाणार? तुझ्या बोलण्यात जास्त वजन आहे." नाना खाली उतरले आणि समोरच्या न्हाव्याच्या पाटावर बसले. घामाने ओले, जपलेले ते काळे केस पाच मिनिटांत मातीत पडले. तुळतुळीत डोक्याने ते पुन्हा काट्यावर चढले. शेठनी श्वास रोखून दांडी सोडली. ती हलली आणि मधोमध थांबली. पंचांनी मान डोलावली. नाना खाली उतरले, सलग दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता तोला!"

त्या दिवशी फक्त अंतिम सामना होता. समोर चोपड्याकडचा तगडा संघ. नाना पहिल्या डावात दोनदा बाद झाले. हाताने गुडघा दाबत उठताना मला ते कडेवरून दिसत होते. शेवटच्या मिनिटाला आमचा संघ तीन गुणांनी मागे होता आणि चढाई नानांची.

ते आत गेले. ओठांतून "कबड्डी कबड्डी" अखंड चालू. एका गड्याला हात लागला, आणि वळताच दुसऱ्याने त्यांचा घोटा धरला. नाना आडवे पडले. दम न सोडता मधली रेघ शिवली तर नाना वाचणार, आणि समोरचे ते दोघे बाद होणार. रेघ हातभर दूर होती. आपल्या बाजूचे गडी त्यांना ओढू शकत नाहीत. भिकाभाऊ रेघेअलीकडे गुडघ्यांवर बसले, अगदी नानांच्या तोंडासमोर, आणि ओरडू लागले, "ये नाना, एक बोट! एकच बोट!" नाना आवाज न तोडता इंचाइंचाने सरकत होते. पाय धरणारा पंचवीस वर्षांनी लहान होता. मधलं बोट रेघेअलीकडे आलं. पंचांची शिट्टी वाजली.

दोन गुण मिळाले. एका गुणाने आम्ही हरलो.

परतीच्या एस. टी. त नाना खिडकीशी बसले आणि टकलावर उपरणं घेऊन लगेच झोपी गेले. भिकाभाऊ त्यांच्याकडे पाहत होते. मग मला म्हणाले, "मास्तर, पंधरा वर्षं मी याचा पाय मागून धरला. रेघेकडे जाताना याचं तोंड कसं होतं, ते मला आज कळलं."

धुळ्यापर्यंत मीही त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहत बसलो.