कोपऱ्यावरच्या घराच्या दोन सह्या

आम्ही राहायचो ते गाव बाड हॉम्बुर्गच्याही थोडं पुढे होतं. नवरा रोज सकाळी एस-बानची लोकल पकडून फ्रँकफर्टला बँकेत जायचा, मी घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचे. गावातल्या जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा खाली बेकरी होती. पहाटे ताज्या पावाचा वास जिन्यातून वर यायचा आणि मुलगी त्या वासानंच उठायची. मग बेकरी बंद पडली. तिच्यामागोमाग समोरचा घड्याळजी गेला, फुलांचं दुकान गेलं. रिकाम्या दुकानांच्या काचांना आतून खाकी कागद लागले. हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीत दिवा दिसायचा तो एकच, कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानातला.

ते दुकान सत्तरी ओलांडलेल्या एक बाई चालवायच्या. माझी मुलगी त्यांना ओमा म्हणायची, म्हणजे जर्मनमध्ये आजी, आणि हळूहळू आम्हीही तेच म्हणू लागलो. एके दिवशी ओमांनी मला दुकानात बोलावून घेतलं. कायद्यात एक सोय आहे म्हणाल्या. एखाद्या रस्त्यावरच्या घरमालकांनी मिळून अर्ज केला तर नगरपालिका तेवढ्या रस्त्यापुरता एक खास विभाग जाहीर करते. तिथले सगळे मालक काही वर्षं थोडं जादा शुल्क भरतात आणि त्यातून दिवे, बाक, झाडं, साफसफाई असं मालकांनीच ठरवलेलं काम होतं.

"गुरुवारी मीटिंग आहे. तूही ये," त्या म्हणाल्या.

"पण आम्ही भारतीय. आम्हाला इथे मत नाही."

"इथे पासपोर्ट नाही विचारत. घर तुझं आहे ना?"

"आमच्या दोघांचं आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग दोघंही या."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "चला, कुठे तरी आपण हिशोबात धरले जातो म्हणायचं." बोलला हसून, पण गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून आला.

मीटिंग दुकानाच्या मागच्या खोलीत, लोकरीच्या खोक्यांवर बसून झाली. मी कॉम्प्युटरवाली, म्हणून नकाशा आणि कागदपत्रं माझ्याकडे आली. आम्ही उत्साहाने सह्या गोळा केल्या, अर्ज दिला आणि तो सगळाच्या सगळा परत आला. राटहाउसमधले, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीतले अधिकारी सज्जन होते. त्यांनी मला समोर बसवून चुका दाखवल्या. भाडेकरूंच्या सह्या चालत नाहीत. मिळकतीच्या सरकारी नोंदीत ज्याचं नाव आहे त्यानेच सही करायची, नवऱ्याने बायकोच्या वतीने करायची नाही. हद्दीची रेघ एका अंगणाच्या मधोमध गेली होती, तसं चालत नाही, घर एक तर आत हवं नाही तर बाहेर. काम कोण करणार, किती वर्षं करणार, हे लिहून द्यावं लागतं.

"आणि हे कोपऱ्यावरचं घर," ते म्हणाले, "याला दोन मालक आहेत. दोघांनीही सही केली तरच ते घर मोजलं जाईल. सही अस्सल हवी, स्कॅन नको."

दुसरा मालक कोण हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. ओमांचा धाकटा भाऊ. त्या घरात पूर्वी त्यांच्या वडिलांचं चपला-बुटांचं दुकान होतं, हाताने बूट शिवायचे. मुलगा दुकान पुढे चालवेल ही वडिलांची आशा. तो गेला हेर्त्सोगेनआउराखला, खेळाचे बूट करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत. वडील गेल्यावर ओमांनी बुटांच्या फळ्या काढून तिथे लोकर मांडली. भावाला वाटलं, न विचारता वडिलांचं सगळं फेकून दिलं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. आणि मोठं कोपऱ्यावरचं घर नसेल तर अर्जाला लागतो तेवढा मालकांचा आणि जागेचा हिस्सा भरत नव्हता.

"मी पत्र लिहू का त्यांना?" मी विचारलं.

ओमा बराच वेळ सुया आवरत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. जाऊ या आपण. पण मला एकटीला जमायचं नाही."

त्या वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. दुपारभर त्या लोकरीच्या दुकानात जाऊन बसायच्या. ओमा जर्मनमध्ये बोलायच्या, सासूबाई मराठीत, आणि दोन सुलट एक उलट करत दोघींचं छान चालायचं. आम्ही जाणार हे कळल्यावर सासूबाईंनी आदल्या दिवशीच तिखटमिठाच्या पुऱ्या करायला घेतल्या.

"आई, अहो, लांबचा प्रवास आहे. गाडी, मग दुसरी गाडी, मग बस. तुम्ही दमाल."

"त्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. त्या येतायत ना? मग झालं तर."

एर्लांगेनला गाडीतून उतरून आम्ही हेर्त्सोगेनआउराखच्या बसमध्ये बसलो. ओमा कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होत्या. सासूबाईंनी एक पुरी काढून त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी शेवटपर्यंत हातातच धरली होती.

दार भावाच्या बायकोने उघडलं. भाऊ मागे उभा होता, बहिणीसारखाच उंच. हात मिळवले, बसायला सांगितलं, कॉफी आली. मी सगळा नियम समजावून सांगितला.

"मला त्या गल्लीतल्या दिव्यांचं काय करायचंय?" तो म्हणाला. "घर विकायचं असेल तर बोला. सहीसाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती."

"टपालाने पाठवलं असतं तर तू उघडलं असतंस?" ओमांनी विचारलं.

"नसतं उघडलं."

मी कागद आवरले. आई, चला, असं म्हणायला वळले तर सासूबाई खुर्चीत गाढ झोपल्या होत्या. विणकाम मांडीवर, तोंड किंचित उघडं, आणि लोकरीचा गुंडा घरंगळत भावाच्या खुर्चीखाली गेलेला.

मी उठवायला हात पुढे केला तसा त्याने मला थांबवलं. "राहू द्या," तो हळूच म्हणाला. "किती लांबून आल्यात."

मग आम्ही सगळेच कुजबुजायला लागलो. त्याची बायको मला खुणेने स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि माझ्यापुढे आलुबुखाराच्या केकचा तुकडा ठेवला. दार अर्धवट उघडं होतं. दोघा भावंडांना भांडायचं होतं हे मला तिथूनही कळत होतं, पण आवाज चढवता येत नव्हता. थोड्या वेळाने ती दोघं त्यांच्या गावच्या बोलीत बोलू लागली. मला निम्मंच समजलं. वडिलांचे लाकडी साचे, बुटांचे, कुठे टाकलेस असं तो विचारत होता. टाकले नाहीत, ओमा म्हणत होत्या, तळघरात आहेत, पोत्यांत. तू कधी विचारलंस? मग मी डोकावून पाहिलं तर तो वाकून खुर्चीखालचा गुंडा काढत होता, आणि मग तो सुटलेला धागा परत गुंडाळत बसला. ओमा रुमालाने चष्मा पुसत होत्या.

सासूबाईंना जाग आली. "अगं बाई, मी झोपले की काय! झाली का सही?"

"नाही आई. हळू बोला."

"मग काय नुसता केक खायला आलो?"

काय म्हणतात त्या, असं भावाने विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला. सही मात्र केली नाही. "न बघता मी कशावर सही करत नाही. येईन तिकडे," एवढंच म्हणाला. परतीच्या बसमध्ये मी पार निराश होते. सासूबाई आणि ओमा मात्र उरलेल्या पुऱ्या खात होत्या.

तो आला नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, न कळवता. ओमांबरोबर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, खाकी कागदांच्या काचांसमोर थांबत. मग दोघं तळघरात उतरली. वर आला तेव्हा त्याच्या कोटाला धूळ लागली होती आणि त्याने दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्याच सही केली. खाली ओमांनी केली. मी कागद उचलला आणि शाई वाळेपर्यंत तसाच धरून उभी राहिले.

त्यानंतर अर्ज सगळ्यांना बघायला राटहाउसमध्ये ठेवला गेला. त्या मुदतीत फार मालकांनी हरकत घेतली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. काहींनी घेतली, पण मर्यादेच्या आतच राहिली. वसंतात नगरपालिकेने विभाग मंजूर केला. दिवे आले, दोन लिंडनची झाडं आली, बाक आले. बेकरी काही परत आली नाही, पण तिच्या जागी कॉफी भाजणारा एक तरुण आला. ओमांचा भाऊ महिन्यातून एक-दोनदा यायचा, दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचा आणि दिवे फार पिवळे आहेत म्हणून कुरकुर करायचा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळी गल्लीच बाहेर खुर्च्या टाकून बसायची. जर्मनीतली माझी इतकी वर्षं आठवायची म्हटली की मला त्या संध्याकाळी आठवतात. नवरा ऑफिसातून आला की आधी खालीच थांबायचा, कुणाच्या तरी हातातली बिअर त्याच्या हातात जायची, आणि वर पोळ्या गार व्हायच्या.

मुलीच्या शाळेसाठी आम्ही फ्रँकफर्टला आलो, फ्लॅट विकला. विभागाची ठरलेली वर्षंही संपली. परत करायचा तर नवा अर्ज, नव्या सह्या, सगळं पहिल्यापासून. मागच्या शरद ऋतूत मी सहज तिकडे गेले. लोकरीच्या दुकानात आता कानाची यंत्रं मिळतात. ओमा भावाच्या गावी राहायला गेल्या आहेत, त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका वृद्धाश्रमात.

संध्याकाळी सासूबाईंना फोन करून हे सांगितलं.

"रोज भेटतात का गं दोघं?"

"भेटतात. रोज भांडतात म्हणे, त्याची बायको फोनवर सांगत होती."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

"मग बरंय," सासूबाई म्हणाल्या, आणि मुलगी जेवली का ते विचारू लागल्या.