आईची धाप

पंचवटीच्या बाजारात भाजीची पाटी उतरवताना आईला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. पहिल्या डॉक्टरांनी गॅसेस सांगितले. दुसऱ्यांनी तिला न तपासताच वडिलांना विचारलं, "घरात काही टेन्शन?" टेन्शन म्हणजे आजी, मी आणि दोन म्हशी. त्यावर झोपेच्या गोळ्या मिळाल्या. मग धाप झोपेतही लागू लागली, तेवढीच प्रगती.

शेवटी नाशकात इकोचं मशीन आलं, तेव्हा कळलं: हृदयाला जन्मापासून छिद्र, शिवाय एक झडप आवळलेली.

"इतकी वर्षं काय करत होतात?" तिथले डॉक्टर आमच्यावरच ओरडले.

"तुमच्याच लोकांच्या गोळ्या खात होते," आई म्हणाली.

मुंबईत ऑपरेशन झालं. काही दिवसांनी तिनं पलंगावर बसून खोल श्वास घेतला आणि मला हळूच विचारलं, "तुम्ही सगळे रोज असा श्वास घेता होय?"