घड्याळजीचं सोनं

नारायण पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक भिंग आणि मी, इम्तियाज तांबोळी. बसल्या जागी पाय लांब केले तर ते रस्त्यावर जातात. तीस-बत्तीस वर्षं मी इथे बसून लोकांची बिघडलेली वेळ सुधारली. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि घड्याळं बिघडायची बंद झाली, कारण ती कुणी वापरीनाच. आता दिवसाकाठी चार सेल बदलतो, दोन पट्टे लावतो आणि उरलेला वेळ मोबाइलवर व्हिडिओ बघतो. ज्यानं माझा धंदा खाल्ला त्याच्याशीच मी दिवसभर गप्पा मारतो, असं म्हणा.

त्या व्हिडिओंमध्ये एक दाढीवाला परदेशी माणूस होता. डोक्यावर टोपी, नदीकाठी तंबू, शेकोटीवर कॉफी. सकाळी उठून तो पाण्यात उतरायचा, उथळ परातीत गाळ घ्यायचा, गोल गोल फिरवायचा आणि शेवटी परातीच्या कडेला सोन्याचे दोन-तीन कण दाखवायचा. तिकडे म्हणे काही सरकारी जमिनींवर हौशी माणसाला असं करू देतात. मी त्याचे साठेक व्हिडिओ पाहिले आणि माझी खात्री पटली की हे काम आपल्यासाठीच आहे. बारीक बघायचं, हात स्थिर ठेवायचा, घाई करायची नाही. याच तीन गुणांवर मी संसार ओढला होता. फक्त घड्याळात काय असतं हे मला उघडण्याआधीच माहीत असतं, हा फरक तेव्हा ध्यानात आला नाही.

मी ऑनलाइन एक हिरवी प्लॅस्टिकची परात मागवली. घोरपडी पेठेतल्या घरी खोकं आलं ते माझी बायको सलीमानं उघडलं.

"किती जणांची कणीक मळायचीये?" तिनं विचारलं.

"सोनं शोधायचंय."

"कुठे?"

"नदीत."

"कुठल्या?"

एवढा विचार मी केला नव्हता. सलीमा पालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे. उत्तर येत नसलेल्या मुलाला किती वेळ उभं ठेवायचं हे तिला नेमकं कळतं. तिनं मला तितका वेळ उभं ठेवलं आणि मग आत निघून गेली.

नदीचा प्रश्न हिंदुरावांनी सोडवला. हिंदुराव हडपसरचे. जिथे त्यांचा ऊस आणि कांदा व्हायचा तिथे आता बावीस मजली इमारती आहेत, आणि त्यांच्याकडे जीप, चार फ्लॅट आणि अमाप रिकामा वेळ आहे. वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन ते महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात. घड्याळाला काहीही झालेलं नसतं. मी ते उघडतो, बघतो, बंद करतो. तोवर दोन चहा होतात.

"इम्तियाजभाई, जीप माझी," परात हातात फिरवत ते म्हणाले. "भीमेच्या पात्रात जाऊ. वाळू काय कमी हाय तिथं? सोनं असंल तर घावंल."

मी कायदा पाळणारा माणूस. आधी एका सरकारी कचेरीत गेलो आणि नदीपात्रात शोध घ्यायची परवानगी हवी म्हणालो.

"किती ब्रास?" खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं.

"ब्रास नाही हो. वाळू नकोय. सोन्याचे कण."

त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा खाली घातली. "कणांचा अर्ज नाही आपल्याकडे."

"मग काय करू?"

"सापडलं तर या."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही भीमेच्या काठावर पोचलो. जीप पात्रात उतरली तशी समोरून वाळूनं भरलेला एक ट्रॅक्टर येत होता. आम्हाला पाहताच ड्रायव्हरनं ट्रॅक्टर तसाच चालू सोडला आणि उसात उडी मारली. पांढरा शर्ट, खिशाला पेन, डोक्यावर टोपी. मी नक्कीच तहसीलचा माणूस दिसत असणार. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी घाबरलं होतं, त्यामुळे मी जरा ताठ उभा राहिलो. अर्ध्या तासानं तो उसातून डोकावला. मी गुडघाभर पाण्यात परात हलवत होतो.

"काय करताय, साहेब?"

"सोनं शोधतोय."

त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. "शोधा, शोधा," असं म्हणून त्यानं ट्रॅक्टर नेला. जाताना दोनदा वळून पाहिलं, ते भीतीनं नव्हे.

तंबू उभा करायला आम्हाला दोन तास लागले. मी सूचनांचा कागद वाचत होतो आणि हिंदुराव तो ऐकत नव्हते. शेवटी तंबू त्यांच्या पद्धतीनं उभा राहिला आणि माझ्या पद्धतीनं एका बाजूला कलला. पण दुपारी परातीच्या तळाशी काळी वाळू दिसली आणि मी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. काळी वाळू म्हणजे सोनं जवळच, असं दाढीवाल्यानं दहा वेळा सांगितलं होतं. आणखी चार पराती धुतल्या. काळ्या वाळूवर पिवळाधमक ठिपका! मग दुसरा. संध्याकाळपर्यंत अकरा.

"आयला," हिंदुराव म्हणाले आणि खालीच बसले. मग हळूच, "गावात कुणाला बोलायचं न्हाय."

एक किलोमीटरच्या परिसरात बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं, तरी आम्ही कुजबुजत बोललो. परत येताना जीपमध्ये मी कणांची बाटली मुठीत धरून बसलो होतो. लोणी काळभोर येईपर्यंत मी सलीमाला पाटल्या केल्या होत्या आणि हडपसर येईपर्यंत दुकान बंद करून पाटी काय लावायची ते ठरवलं होतं.

सोमवारी रविवार पेठेतल्या सुदर्शन सोनारांकडे गेलो. जुनी ओळख. त्यांनी चिमट्यात एक कण धरला, ज्योतीजवळ नेला. कण आक्रसला आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला.

"विसर्जन कधी झालं?" सुदर्शननं विचारलं.

"झाला की महिना."

"मग बरोबर. मखराची चमकी आहे ही."

"सगळे अकरा?"

त्यांनी भिंग लावून एकेक कण पाहिला. "नाही. हा एक चॉकलेटचा कागद आहे."

पुण्याच्या सजावटीतली चमकी मुठेतून वाहत भीमेत गेली होती आणि तिच्या मागून आम्ही जीप घेऊन गेलो होतो. हे मी घरी सांगितलं नाही. सलीमानं विचारलंही नाही, आणि ते जास्त लागलं.

परात माळ्यावर टाकणार होतो, तेवढ्यात शेफाली मॅडम सेल बदलायला आल्या. त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. मी आडून आडून विचारलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीनं विचारतोय असं दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, आपल्याकडे चहूकडे काळा दगड, लाव्ह्याचा. त्यात सोनं सापडायचं नाही. आणि काळी वाळू म्हणाल तर तुमच्या दुकानासमोरच्या मातीतसुद्धा आहे. लोहचुंबक फिरवून बघा."

"पण व्हिडिओत..."

"तो दुसरा देश, दुसरा दगड. तुमच्या त्या मित्रांना सांगा, धारवाडच्या पुढे जा. तिथे दगड बदलतो. गदगच्या बाजूला पूर्वी ओढ्यांतली माती धुऊन सोनं काढायचे. फक्त जंगलाच्या हद्दीत शिरू नका. गावातल्या लोकांना विचारा आणि गावच्या ओढ्यावर बसा."

त्या गेल्यावर मी दुकानासमोर लोहचुंबक फिरवलं. त्याला काळ्या वाळूची दाढी फुटली.

जानेवारीत आम्ही गदगकडे निघालो तेव्हा सलीमाही तयार होऊन जीपमध्ये बसली. "तुम्ही दोघं तीन दिवस काय खाणार?" असं तिनं कारण दिलं. खरं कारण तिनं नंतर सांगितलं. ती कधी तंबूत झोपली नव्हती, आणि लग्नाला चौतीस वर्षं होऊनही मी तिला कधी विचारलं नव्हतं.

गदगच्या पलीकडे एका लहानशा गावात सरपंचांना भेटलो. आम्ही पुण्याहून सोनं शोधायला आलोय हे ऐकून त्यांनी आतून चार माणसांना बोलावून घेतलं आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. सगळे पोटभर हसले. मग त्यांनी ओढा दाखवला आणि म्हणाले, सापडलं तर सगळं तुमचं.

दोन दिवस मी त्या ओढ्यात मान मोडून काम केलं. वहीत ओढ्याचा नकाशा काढला, त्यावर चौकोन आखले, प्रत्येक चौकोनातली परात धुतली. कंबर धरली. शेवाळावरून पाय घसरून एकदा पुरता आडवा झालो, तेव्हा पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मी उठून चालायला लागल्यावरच पुन्हा धोपाटणी उचलली. सोनं नाही. हिंदुराव पहिल्या दिवशी दोन तास वाकले, मग चूल मांडून बसले.

सलीमा बाभळीखाली सतरंजी टाकून बसायची. तिथे एक म्हातारा बकऱ्या चारायला यायचा. आम्ही घरी दखनी बोलतो, ती त्यालाही येत होती. दोघांच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. त्याच्या सुनेच्या दुखण्यापासून आमच्या मुलीच्या नोकरीपर्यंत. मला वाटलं, चला, तिचा वेळ तरी जातोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडीचा पदर खोचून पाण्याशी आली. "द्या इकडे."

"तुला जमायचं नाही. त्याला एक विशिष्ट..."

तिनं परात घेतली. माझ्या चौकोनांकडे ढुंकूनही न पाहता ओढा जिथे वळतो तिथे आतल्या अंगाला गेली, काठावरच्या गवताचा झुबका उपटला आणि मुळांची माती परातीत झटकली.

"तिथे कशाला?"

"पाणी वळतं तिथे जड ते मागे राहतं. मुळं ते धरून ठेवतात. बाबांचे आजोबा हेच करायचे." ती म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तुम्ही दोन दिवस त्यांच्यासमोर वाकताय. विचारलं नाहीत एकदाही?"

तिनं परात पाण्यात बुडवली, तिरकी केली आणि मनगटानं हलकेच झोका दिला. गाळ लाटेसारखा पुढे सरकून बाहेर गेला. पुन्हा झोका. मी साठ व्हिडिओंत पाहिलेली ती हालचाल तिच्या हातात आयतीच होती.

"हे कुठे शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? तांदूळ रोळणं आहे हे. तांदूळ पुढे जातो, खडा मागे राहतो. चौतीस वर्षांत तुम्हाला भातात खडा लागलाय?"

नव्हता लागला.

तिसऱ्या परातीत तळाशी काहीतरी चमकलं. मी झेप घेणार तोच तिनं हात आडवा केला आणि परात स्वतःच्या सावलीत धरली. अभ्रक फक्त उन्हात चमकतं, सोनं सावलीतही तसंच दिसतं, हेही बाबांनीच सांगितलेलं. सावलीत तो ठिपका तसाच पिवळा राहिला. मी भिंग लावलं. सेकंदकाट्याच्या टोकाएवढा होता, पण कडा गोलसर, पाण्यानं घासलेल्या. कागद नव्हता, चमकी नव्हती.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. झाला, पण जरा उशिरानं. आधी जे वाटलं त्याला दुसरा शब्द आहे.

"वहिनी," हिंदुराव हातातलं उलथनं टाकून धावत आले, "पाया पडतो तुमच्या!"

दुपारपर्यंत तिनं आणखी दोन कण काढले. मग ती आणि बाबा भाकरी खायला बसले. तेवढ्यात मी गुपचूप तिच्याच जागी, तिच्याच गवताशी जाऊन दहा पराती धुतल्या. काही मिळालं नाही. वर पाहिलं तर दोघंही जेवायचं थांबून माझ्याकडे बघत होते. बाबांनी दखनीत काहीतरी म्हटलं आणि सलीमा ठसका लागेपर्यंत हसली. काय म्हटलं ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं, पण इथे सांगणार नाही.

पुण्यात आल्यावर तिघंही सुदर्शनकडे गेलो. त्यांच्या काट्यावर तिन्ही कण एकत्र ठेवले तरी आकडा हलला नाही. त्यांनी एक कण तपासला, बराच वेळ तपासला.

"सोनं आहे," ते म्हणाले.

"किती असेल?" मी विचारलं.

"आहे. एवढ्यावर समाधान माना."

त्याला आता दोन वर्षं झाली. दर हिवाळ्यात आम्ही तिकडे जातो. आता हिंदुरावांच्या घरून प्रेमलावहिनीही येतात, आणि दोघी सकाळपासून पाण्यात असतात. स्वयंपाक आम्ही करतो. हिंदुरावांचं पिठलं बरं होतं, माझ्या भातात खडे असतात. सलीमाकडे आता नऊ कण आहेत, प्रेमलावहिनींकडे चार. माझ्याकडे एकही नाही. मला यायचा कंटाळा येईल असं हिंदुरावांना वाटलं होतं. आला नाही. दुकानात माझ्यासमोर कायम घड्याळ असतं. तिथे ओढ्यावर नसतं, आणि संध्याकाळ झाली हे मला बकऱ्या परतल्यावरच कळतं.

कणांची बाटली घरी कपाटात आहे. पाहुणे आले की ती बाहेर निघते. सलीमा ती उजेडाला धरते आणि म्हणते, "हे आम्हाला सापडलं." 'मला' नव्हे. आम्हाला.

मग पाहुणे हमखास माझ्याकडे वळतात. पुरुष माणूस, त्यात हातात भिंग. "इम्तियाजभाई, हे नेमकं शोधतात तरी कसं?" आणि मी, ज्याला आजवर मखराची चमकी आणि चॉकलेटचा कागद यापलीकडे काही मिळालेलं नाही, तो खुर्ची पुढे ओढतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, "त्याचं असं आहे, पाणी जिथे वळतं..."

सलीमा चहा टाकायला उठते.