वरणाची बादली

चांदूर बाजारात माझं शिंप्याचं दुकान आहे. गावातल्या पुरुषांचं पोट सुटलं की त्यांच्या बायकांच्या आधी मला कळतं. संक्रांत झाली की यातले निम्मे नवे बूट घालून पहाटे फिरायला निघतात. फिरणं संपतं कचोरीच्या गाडीवर, ते सोडा. होळीच्या सुमारास हेच लोक छाती काढून दुकानात येतात, "उत्तमभाऊ, कंबर आत घ्या." मी घेतो, पण जास्तीचं कापड कापत नाही, आत दाबून ठेवतो. कारण दिवाळीला तोच माणूस तीच पॅन्ट पिशवीत लपवून सैल करायला आणतो. मीही काही विचारत नाही, गुपचूप शिवण उसवतो.

एकट्या गजेंद्रची पॅन्ट परत आली नाही. एक दिवाळी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली, आणि मला चैन पडेना. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवयच आहे. बायको म्हणते हा रोग आहे. असेल.

गजेंद्र भाजीवाला. गावाबाहेर त्याची वांगी-मेथीची वाडी आहे. माणूस सोन्यासारखा, पण जिभेचा चटोर आणि त्याहून भिडस्त. ताटात कोणी बुंदी टाकली तर त्याच्या तोंडून 'नको' फुटायचं नाही. पन्नाशीच्या आतच त्याला शुगर निघाली. घरात हे दुखणं नवं नव्हतं. त्याचे वडील सूर्यभानकाका त्यातच गेले, आणि जाण्याआधी त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्यांचे पायजमे मीच शिवायचो, एक पाय आखूड. कापड घेऊन गजेंद्रच यायचा आणि शिवून होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसायचा. पुढे डॉक्टरांनी त्यालाही बजावलं, वजन उतरव आणि उतरलेलं ठेव, नाहीतर बापाच्या वाटेनं जाशील. तेव्हापासून कापड टाकताना तो एकच सांगतो, "उत्तमभाऊ, दोन्ही पाय सारखे शिवजा." तो हसून सांगतो. मला मात्र हसू येत नाही.

वजन त्यानं याआधीही एकदा उतरवलं होतं. भूक मारून, चिडचिड करून, पण उतरवलं होतं. थोरल्या गीतांजलीच्या लग्नात व्याह्यांनी पंगतीत आग्रह केला, यानं एक जिलेबी खाल्ली आणि म्हणाला, आता मोडलंच तर मोडलं. ती एक जिलेबी पुढे वर्षभर चालली. त्याच्या सगळ्या पॅन्टी मी सैल केल्या, दोन तर नव्यानं शिवल्या.

मग या वेळी यानं केलं काय? त्याच्या बायकोला, बेबीताईला, मी गाठून विचारलं.

"मले काय मालूम, भाऊ?" ती म्हणाली. "घरी तं भाकर-भाजीच खातेत. बाहेरचं तुमीच पहा."

पाहायला मला कोणी सांगायची गरज नव्हती, पण आता परवानगीही मिळाली. मारुतीच्या भंडाऱ्याला गेलो. पंगत बसली, पण गजेंद्र पंगतीत नव्हता. वरणाची बादली घेऊन तो वाढत होता. वाकायचा, वाढायचा, पुढे सरकायचा. मग एका तेरवीला पाहिलं, तिथेही तेच. कोणाच्या वास्तुशांतीलाही तेच. आमच्या वऱ्हाडात जेवणाऱ्याचे हाल असतात. तो ताटावर हात आडवा धरतो आणि वाढणारा बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. पण वाढप्याला कोणी आग्रह करत नाही. तो बसतो शेवटच्या पंगतीला, आणि तोवर गोडाचं पातेलं खरवडून झालेलं असतं.

भंडाऱ्याहून परतताना मी त्याला विचारलंच, "का रे, जेवायचं सोडून हे काय काढलंस?"

"नाई म्हनता येत नाई मले, उत्तमभाऊ. लय करून पाह्यलं. मंग म्या बादलीच धरली. बादलीवाल्याले कोन आग्रह करते?"

युक्ती मला फार आवडली. पण माझं डोकं असं की एक कोडं सुटलं की लगेच दुसरं शोधतं. धाकट्या प्रणालीचं लग्न ठरलं होतं. अकोल्याला, जठारपेठेतल्या पंजाबरावांच्या घरी. मुलीच्या बापाला बादली कोण धरू देणार?

लग्न व्याह्यांकडेच होतं, मी गेलो. मुलीसाठी जाणं होतंच, पण खरं सांगायचं तर जिलेबीसाठी गेलो. गजेंद्रला कोट मीच शिवला होता आणि तो त्यात झकास दिसत होता. व्याह्यांची पंगत बसली. पंजाबराव स्वतः जिलेबीचं ताट घेऊन त्याच्यासमोर वाकले.

"घ्या व्याही. नाई म्हनसान तं आमचा मान नाई ठेवला म्हनू."

सगळी पंगत बघू लागली. पलीकडे बेबीताईचा घास हातातच थांबला. गजेंद्रनं एकदा जिलेबीकडे, एकदा मांडवात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पंजाबरावांनी घास भरवला, टाळ्या झाल्या, मग दुसरा भरवला. घरी गेल्यावर याच्या पॅन्टी उसवायच्या, हे मी मनात धरूनही टाकलं. राग आला मला, त्याचा आणि त्या गोड माणसांचाही.

मग शेवटची पंगत बसली. बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, पोळ्या लाटणाऱ्या बाया. हात धुऊन गजेंद्र सरळ माझ्याकडे आला, कोट काढून माझ्या हातावर टाकला आणि बाह्या वर सारत वरणाची बादली उचलली.

पंजाबराव धावत आले. "व्याही, हे काय करून राहिले? आमची मानसं हायेत ना!"

"तुमचा मान ठेवला," गजेंद्र म्हणाला, "आता मले माह्यं काम करू द्या."

मी कोट सांभाळत त्याच्या मागे मागे गेलो. विचारल्याशिवाय मला राहवणार थोडंच! "आता कशाला रे? मोडलं ना आज?"

बँडवाल्याच्या पानात वरण घालता घालता तो म्हणाला, "गीतांजलीच्या लग्नात जिलेबी नाई नडली मले, उत्तमभाऊ. खाऊन, मोडलं म्हनून बसून राह्यलो, थे नडलं."

आणि तो पुढच्या पानाकडे सरकला. शिंप्याची नजर खालीच जाते. पॅन्टचे दोन्ही पाय वरणाच्या शिंतोड्यांनी भरले होते आणि पंगतीच्या टोकापर्यंत सारखे चालत गेले.