बंब्याला कान लावणारा

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो रस्त्यात पालथा पडलेला होता. अंगात काळी शेरवानी, डोक्यावरची तांबडी टोपी काढून बाजूला ठेवलेली आणि एक कान जमिनीला. मी कामावरून येत होतो, हातात थापी. वाटलं, मेला. जवळ जाऊन खांदा हलवला, तर डोळे न उघडता त्यानं बोट वर केलं.

"चूप. सुनो तो जरा."

मी गप उभा राहिलो. शहागंजच्या बाजारातला गलका येत होता, कुठंतरी गाढव ओरडत होतं. बाकी काही नाही. मग तो उठला, गालाची माती पुसली आणि म्हणाला, "इथपर्यंत येतंय. पुढं कुठं जातंय तेच कळेना."

"काय येतंय?"

"पाणी, मिस्त्री. दुसरं काय?"

तुम्ही तोटी फिरवणारी माणसं, तुम्हाला सांगावं लागेल. औरंगाबादेत तेव्हा नहरीचं पाणी. डोंगराकडून जमिनीखालून खापरी नळातून यायचं आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या हौदात पडायचं. वाटेत जागोजागी विटा-चुन्याचे उंच मनोरे. त्याला आम्ही बंबा म्हणायचो. पाणी बंब्यात वर चढायचं, उतरायचं आणि पुढं जायचं. का चढायचं, का उतरायचं, हे कुणी विचारत नव्हतं. आजोबा प्याले, बाप प्याला, आपण प्यायचं.

आमच्या मोहल्ल्याचा हौद मात्र कोरडा पडला होता. बाया वेशीबाहेरच्या विहिरीवर जायच्या. उतार निसरडा, पायऱ्या फुटक्या. माझी पारू तेव्हा पोटुशी होती. डोक्यावर दोन घागरी घेऊन ती तो उतार चढायची आणि घरी येऊन मला शिव्या द्यायची. बरोबरच होतं तिचं. मी दुसऱ्यांची घरं बांधत होतो आणि माझ्या घरात पाणी नव्हतं.

त्याचं नाव लिहीत नाही. मुन्शीजींचा एकुलता एक मुलगा, एवढं पुरे. मुन्शीजी कचेरीतून निवृत्त झालेले, मोहल्ल्यात त्यांचा शब्द मोठा. मुलगा हैदराबादला शिकून आलेला. सगळ्यांना वाटलं आता मोठा हुद्दा घेणार, टांग्यातून हिंडणार. हा रस्त्यात लोळायला लागला. चहावाल्याकडं बसणारे म्हणायचे, "बापानं शिकवलं आन् पोरानं धूळ खाल्ली." पोरं त्याला कानवाला म्हणायची. त्याला कळायचं. हसायचा.

आता शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. मी स्वतः निजामाच्या शाळेत दुसरीतून पळालो, कारण मास्तर उर्दूत शिकवायचा आणि मराठीत मारायचा. शिकलेला माणूस आला की आपल्याला काहीतरी सांगतो. हा विचारायचा. चुना इतके दिवस भिजत का ठेवता? आधीच वापरला तर काय होईल? कधी वापरून बघितलाय का? त्याच्या विचारण्याला घाबरून मी एकदा चक्क खोटं सांगितलं. तर गडी माझ्याच चुन्याच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसून राहिला. "बघू तर खरं," म्हणे.

करमाडहून माझे चुलते आले होते घोंगड्या विकायला. आम्ही धनगर, घरात मेंढरं. यानं त्यांना गाठलंच.

"चाचा, रानात मेंढरांना पाणी कसं सापडतं? वासानं का आवाजानं?"

चुलत्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्येंलाच इचार की. तुझ्यावानी कान हायेत त्येंला."

सगळे हसले. तो सगळ्यात जोरात.

पण हसता हसता माणसं जमवायचा, हे खरं. दर जुम्म्याला नमाज झाली की मोहल्ल्यातली जवान पोरं हौदापाशी. विणकर, टांगेवाला, माळ्याचे दोघं भाऊ आणि मी. "आपला मोहल्ला आहे, वरून कोण येणार आहे?" एवढंच भाषण. शेरवानी काढायचा, बाह्या वर करायचा आणि सगळ्यांत आधी स्वतः गाळात उतरायचा. आम्ही झाकणं उघडली, मुळ्या तोडल्या, टोपल्याच्या टोपल्या गाळ काढला. खापरी नळ फुटला होता तिथं मी चुन्यानं जोडला. पाणी आलं नाही. पोरं कमी व्हायला लागली. शेवटी तो आणि मी दोघंच उरलो, तेही माझं कारण एवढंच की घरी पारूच्या शिव्या होत्या.

एका दुपारी असाच चिखलात भरून घरी आला. पारूनं चहा दिला. त्याचा कप वेगळा होता, कोनाड्यात ठेवलेला. तेव्हा तसंच चालायचं, आता खोटं कशाला बोलू. तो कप हातात धरून बसला आणि तिलाही विचारलं.

"भाभी, तुम्ही रोज हौदावर जायच्या. पाणी बंद होण्याआधी काय बदललं? काही पण सांगा."

पारू चुलीपुढं होती. वळली पण नाही. "काय बदलनार? बंबा घोरायचा बंद झाला."

"घोरायचा?"

"मंग? पहाटं घागर भराया गेलं की हौदापल्याडचा बंबा घोरायचा. घुर्र, घुर्र. म्हातारा झोपल्यावानी. घुमट बांधला आन् गप झाला. पानी बी मंग हळूहळू करंगळीएवढं झालं, आन् गेलं."

मला वाटलं, हा आता उड्या मारेल. त्यानं कप खाली ठेवला. तोंड पांढरं पडलं होतं. तसाच उठून गेला.

पारू म्हणाली, "ह्याला काय झालं? बंब्यानं घोरू नाय का?"

मला मात्र कळलं होतं. तो घुमट कुणाचा, ते पारूला माहीत नव्हतं, ती तेव्हा नवी नवरी. पूर्वी बंब्याचं तोंड वरून उघडं असायचं. कावळे बसायचे, हाडकं टाकायचे, एकदा मेलेलं कबूतर निघालं. मुन्शीजींची बायको वारली, तेव्हा त्यांनी तिच्या नावानं पुण्याचं काम म्हणून त्या तोंडावर घुमट चढवला. लोकांना स्वच्छ पाणी मिळावं, तिला सवाब लागावा. गंगापूरचा गवंडी आणला होता. काम असं की बोट फिरवलं तर काचेवर फिरल्यासारखं. शबेबारातीला, मेलेल्यांच्या आठवणीच्या सणाला, म्हातारा स्वतः शिडी लावून चढायचा आणि त्याला सफेदी द्यायचा. मोहल्ला दुवा द्यायचा. त्या साली पाऊसही कमी झाला, म्हणून हौद आटल्यावर आम्ही सगळ्यांनी आभाळाला नावं ठेवली. घुमटाकडं कोण बघणार?

पाण्याबरोबर नळातून हवाही येते, ती बंब्यातून बाहेर पडते म्हणून पाणी पुढं सरकतं. हे त्यानं मला नंतर समजावलं, लोटा पाण्यात पालथा बुडवून. लोट्यात पाणी शिरेना. बुडाला भोक पाडलं, तर शिरलं. आम्ही त्या बंब्याचं नाक दाबलं होतं. आणि ज्यानं दाबलं त्यानं आपल्या मेलेल्या बायकोसाठी दाबलं होतं.

तो येईना. जुम्मा आला आणि गेला. मी गेलो तर म्हणाला, "मिस्त्री, अब्बांना मी काय सांगू? तुमच्या हातून मोहल्ला तहानला? अम्मीच्या नावावर?"

मी उठलो. घरी येऊन पारूला घुमटाचं सगळं सांगितलं.

मग पारू घसरली. त्याच उतारावर. घागरी फुटल्या, गुडघा फुटला, पोटातलं वाचलं. बातमी ऐकून तो दारात आला आणि उभाच राहिला. पारू अंथरुणावरून म्हणाली,

"भैया, आईचा घुमट ऱ्हाऊ द्या तुमच्या. उद्या माजं पोट गेलं तर दुसरा बांधा."

अशी होती ती. जिभेला हाड नव्हतं. मी डोळे वटारले तर माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी गप बसा. त्यो इचारतोय ना समद्यांना? मंग आता सांगू द्या की बापाला."

तो आत आला. कप कोनाड्यातून स्वतः काढला, माठातलं पाणी घेतलं, प्याला. मग मला म्हणाला, "मिस्त्री, छिन्नी-हातोडा घ्या. आणि शिडी."

मुन्शीजी ओट्यावर तसबीहचे मणी ओढत बसले होते. माझ्या खांद्यावरची शिडी पाहिली आणि म्हणाले, "सफेदी का वक्त तो अभी नहीं आया."

"अब्बा, जरा चलो मेरे साथ."

बंब्यापाशी आल्यावर त्यानं बापाचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "सुनो तो जरा." म्हाताऱ्यानं बंब्याच्या भिंतीला कान लावला. आम्ही उभे.

"क्या सुनाई देता, अब्बा?"

"कुछ बी नहीं."

"पहले?"

मी म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत होतो. आता काठी हाणतो का काय, असं मनात. त्यानं कान आणखी घट्ट दाबला. मग कान न काढता म्हणाला, "पहले खर्राटे मारता था. तेरी अम्मी बोलती थी, रात को ये एक तरफ, तुम एक तरफ. मैं सोऊँ तो कैसे सोऊँ?"

मुलगा हसला नाही. एकेक शब्द मोजल्यासारखं त्यानं सगळं सांगितलं. हवा, पाणी, लोटा. "अब्बा, कसूर किसी का नहीं. पन बंद वहीं से हुआ."

म्हाताऱ्यानं घुमटाकडं मान वर केली. दाढी हलत होती. मला वाटतं तो रडत होता, पण उन्हाकडं तोंड होतं, नक्की सांगता येणार नाही.

"उसकू बंद कमरे में नींदच नहीं आती थी," तो म्हणाला. "जाड़े में बी खिड़की खुली. दम घुटता बोलती थी. और मैंने..."

त्यानं शिडीला दोन्ही हातांनी धरलं आणि मला म्हणाला, "चढ़ो, मिस्त्री. मैं पकड़ता हूँ. संभाल के."

मी घुमट तोडला नाही. तोडा असं म्हातारा म्हणाला नव्हता आणि न तोडा असंही नाही. मी चारी बाजूंना चार झरोके पाडायचे ठरवले, कावळा शिरणार नाही एवढे. पहिल्या भोकातून छिन्नी आरपार गेली आणि आतून जो उसासा आला, तो मी आयुष्यात विसरलो नाही. लांब, थंड, मातीच्या वासाचा. माझ्या तोंडावर आला. खाली म्हाताऱ्यानं शिडी आणखी घट्ट धरली.

पाणी लगेच आलं नाही. दोन-चार दिवस हौदात नुसता चिखल ठिबकला, चहावाल्याकडं पुन्हा चेष्टा झाली. मग एका सकाळी पारू लंगडत गेली आणि रिकामी घागर तिथंच टाकून पळत परत आली. "घोरतोय! अवो, घोरतोय त्यो!"

सगळा मोहल्ला बंब्याभोवती. मुन्शीजी पण आले, भिंतीला हात लावून उभे राहिले. आणि आमचा कानवाला? तो पुढच्या गल्लीत पालथा पडलेला. पाणी आता कुठवर जातंय ते ऐकत.

पुढची काही वर्षं तो तेच करत हिंडला. या मोहल्ल्यातून त्या मोहल्ल्यात. जिथं जाईल तिथं आधी बायांना विचारायचा. हे तो पारूकडून शिकला, असं पारू म्हणायची, आणि तो मान डोलवायचा. आमच्याकडं आला की पहिला प्रश्न ठरलेला. "भाभी, घोरतो ना?" ती म्हणायची, "घोरतोय तवर पानी हाय." कप पुढं कोनाड्यात राहिला नाही. पारूनं तो आमच्या कपांत मिसळून टाकला आणि मग कुणाचा कोणता ते कळेना.

मुन्शीजी वारले, त्यांना बायकोच्या शेजारी जागा मिळाली. मग राज्य पालटलं. बरीच माणसं इकडची तिकडं झाली, त्यात तोही गेला. कुठं गेला, काही म्हणतात समुद्रापलीकडं, काही म्हणतात हैदराबादलाच. जायच्या दिवशी आला, चहा प्याला, तेच विचारलं, तेच उत्तर ऐकलं. आमच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. वळून बघितलं नाही. मला राग आला होता त्याचा. अजून आहे थोडा. गाव जागं करून माणसानं असं जाऊ नये.

नंतर नळ आले. नहर कुठं फुटली, कुठं बुजवली, कुणी विचारलं नाही. विचारणारा गेला होता.

आणि पारू घोरायची. म्हातारपणी तर असं की शेजारी भिंत ठोकायचे. मी ओरडायचो, तर ती झोपेतच म्हणायची, "घोरतेय तवर हाय म्हना की." गेल्या पोळ्याला ती गेली. आता घर गप आहे. लोक म्हणतात, निवांत झालं तुमचं. लोकांना काय कळतं.

परवा सकाळी चालत चालत त्या बंब्यापाशी गेलो. उभा आहे अजून. घुमटाची सफेदी गेली, चार झरोके तेवढे शाबूत. माझ्या हातचे आहेत. काठी बाजूला ठेवली आणि भिंतीला कान लावला.

एक तरुण बाई हंडा घेऊन चालली होती. नळ आला नसेल त्यांचा. थांबली, म्हणाली, "आजोबा, चक्कर आली का? धरू का तुम्हाला?"

मी बोट वर केलं. "चूप. सुनो तो जरा."

तिनं माझ्याकडं पाहिलं, बंब्याकडं पाहिलं. मग हंडा खाली ठेवला, पदर मागं सारला आणि तिनंही भिंतीला कान लावला.