खुट्याचे पान

शून्याचा शोध भारतात लागला, ही गोष्ट आता जगाला मान्य आहे. डोणगावकडच्या आमच्या शाळेत मात्र पहिलीच्या बाई तो दरवर्षी नव्याने लावत.

त्यांचे गणिताचे पुस्तक त्यांनीच केलेले. कापडदुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे, सुतळीची शिवण, गेरूने आणि निळीने रंगवलेली जनावरे, आणि खाली दोन ओळी. 'दोन शेळ्या कुंपणाशी, तिसरी भांडे दोघींशी.' पान डोक्यावर धरून बाई ओरडत, "आधी पाहा, मंग बोला बे!" मी शेजारी दुसरीला शिकवत असे. माझी पोरेही पाढे सोडून शेळ्या मोजू लागत.

पहिले पान शून्याचे. नुसता खुटा आणि सुटलेले दावे. 'बैल गेला पाण्यावर, खुटा राह्यला जाग्यावर.'

तपासणीला आलेले साहेब याच पानावर अडले. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती खोकतात तेसुद्धा सभेत बोलल्यासारखी. "नवे राज्य झाले आहे, आणि पहिल्याच पानावर रिकामा खुटा? इथे बैल पाहिजे. झूल घातलेला!"

बाईंनी पुढे बसलेल्या पोरीला विचारले, "बैल किती?"

"एकबी नाही. पाणी प्यायले गेला न!"

"पाहा साहेब, हिले समजलं. इथं बैल बांधला तर एक होते. मंग शून्य कुठून आणू?"

हेडमास्तर घाम पुसत म्हणाले, "बाई, एक बैलच तर रंगवायचा आहे."

"मंग तुम्ही रंगवा, सर. मी नाही रंगवत."

साहेबांनी गोड आवाजात विचारले, "जळगाव जामोदला बदली चालेल?"

"तिकडंबी बैल असतीनच ना."

बदली झाली. पुस्तक बाईंनी पोरांसाठी मागे ठेवले. एस.टी.पाशी अख्खी पहिली रडत उभी होती. खिडकीतून बाई खेकसल्या, "रडून काऊन राह्यले बे? मी पाण्यावर चालली!" पोरे हसली. मला काही ते जमले नाही.

त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी पेंटर बोलावून खुट्याला बैल बांधून घेतला. अंगावर झूल, शिंगांना गोंडे. पुढच्या तपासणीत साहेबांनी त्या पानाचे तोंड भरून कौतुक केले. मग पोरांनी एकेक पान उलटत त्यांना मोजून दाखवले : एक, एक, दोन, तीन.